घरच्या घरी गाडीत केलेले बदल: गॅरेजच्या बाकड्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करून मला वीसेक वर्षं झाली. दिवाळीचा बोनस हातात आला की गॅरेजसमोर रांग लागते. त्यातले काही नवं काहीतरी बसवायला येतात, काही स्वतः बसवलेलं काढून घ्यायला. मोबाइलवर व्हिडिओ बघून काम करणारी पोरं काही वेळा माझ्यापेक्षा सफाईनं करतात, हेही मान्य करतो. पण प्रश्न तेच तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. एमएच-११ वाल्यांसाठी लिहिलंय, पण वायर एमएच-१० मध्येही तशीच जळते.

म्हणजे स्वतः गाडीला हातच लावायचा नाही का?

असं कोण म्हणतंय? वायपरची रबरं, एअर फिल्टर, बॅटरीच्या टर्मिनलवर चढलेली पांढरी बुरशी कोमट पाण्यानं धुणं, ही कामं घरी कराच. त्याचे पैसे घेताना मलाच लाज वाटते. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, इंधन आणि मेन वायरिंग या पाच जागी मात्र पाना लावण्याआधी कुणालातरी विचारा. कंपनीनं गाडीतली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या हिशोबानं ठेवलेली असते. आपण एक बदलतो आणि भार तिसऱ्याच जागी जाऊन पडतो. खालच्या बहुतेक उत्तरांत हेच येणार आहे. कंटाळा आला तर आपला प्रश्न शोधा आणि तेवढाच वाचा.

हेडलाइटला १०० वॅटचे बल्ब टाकले, उजेड झकास पडतो. त्यात वाईट काय?

माझ्या काउंटरमागं खिळ्याला एक होल्डर टांगलाय. मूळचा पांढरा, आता कडेनं काकवीसारखा तपकिरी. तीन पिनांतली एक आत रुतून बसलीय आणि खालच्या अंगाला प्लास्टिक ओघळून त्याचा थेंब थिजलाय. तो माझ्याच पहिल्या गाडीतला. बल्ब मीच टाकले होते आणि वर चार जणांना टाकून दिले होते.

हिशोब सोपा आहे. एच-४ हॅलोजन बल्ब कंपनीकडून येतो ६०/५५ वॅटचा. बारा व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर. शंभरचा टाकला की सव्वाआठ अँपिअर, तेही एका बाजूला. वायर तीच, होल्डर तोच, स्टिअरिंगजवळचा स्विचही तोच. वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या हिशोबानं, म्हणजे करंट पावणेदोन पट झाला तर उष्णता पावणेतीन पटीच्या आसपास जाते. महिनाभर काही होत नाही. मग होल्डरची पिन ढिली पडते, ढिल्या पिनेत ठिणगी पडायला लागते, आणि एका रात्री एक दिवा जातो. नुसता दिवा गेला तर नशीब.

रिले (बल्बचा करंट स्विचमधून न नेता थेट बॅटरीवरून देणारा छोटा डबा) आणि जाड वायरचं किट लावलं की स्विच आणि वायरिंग वाचतं, हे खरं. पण रिफ्लेक्टरची चकाकी करपायची थांबत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपायचेही थांबत नाहीत. यवतेश्वरच्या घाटात वळणावर समोरून असा झोत आला की दोन सेकंद रस्ताच नाहीसा होतो. ते दोन सेकंद तो समोरचा तुमच्याच दिशेनं येत असतो.

लोकांची अडचण मला कळते. उसाचा सीझन चालू झाला की रात्री पुढं बिनदिव्याची ट्रॉली कधी येईल सांगता येत नाही. तरी आधी तीन गोष्टी करा. पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश करून घ्या. गाडी भिंतीसमोर सपाट जागी लावून झोत कुठं पडतो ते बघा आणि सेट करा. मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर साडेतेरा आणि होल्डरवर साडेअकरा दिसत असेल तर उजेड अर्थिंग खातंय. ती एक गंजलेली स्क्रू घासली की कंपनीचाच बल्ब नवा वाटतो.

मग एलईडी टाकतो. करंट तर कमी घेतो ना?

घेतो. पण हॅलोजनचा रिफ्लेक्टर त्या बल्बातल्या तारेच्या नेमक्या जागेवरून घडवलेला असतो. एलईडीची चिप मिलिमीटरभर इकडंतिकडं झाली तरी झोत फुटतो. आपल्याला बॉनेटपुढं पांढरंशुभ्र दिसतं म्हणून बरं वाटतं, लांबचं मात्र आधीपेक्षा कमी दिसतं. शिवाय पावसाळ्यात, ठोसेघरच्या धुक्यात, तो पांढरा उजेड धुक्यावरून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. ज्या गाडीला कंपनीनंच एलईडी दिलाय तिची गोष्ट वेगळी, तिचा अख्खा दिवाच त्यासाठी बनवलेला असतो.

फ्यूज सारखा उडतोय. एक नंबर मोठा टाकला तर?

१५ अँपिअरचा निळा काढून ३० चा हिरवा टाकणारे मी रोज बघतो. एकानं तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घातली होती. "दोन वर्षं झाली, काय व्हत नाय," म्हणाला. त्याची गाडी माझ्याकडं आली तेव्हा डॅशबोर्डखालची सगळी वायर एकमेकीला चिकटून एकच दोर झाला होता. लाल कुठली, काळी कुठली, ओळखायला मार्ग नव्हता.

फ्यूज उडतो कारण पुढं कुठंतरी करंट जास्त वाहतोय. वायर घासून बॉडीला लागलीय, मोटर अडकलीय किंवा त्या लाइनवर नवं काहीतरी जोडलंय. फ्यूज मोठा केला की लाइनमधली सगळ्यात अशक्त वस्तू फ्यूज राहत नाही, वायर होते. मग जळायचं काम ती करते, आणि ती सीटखालून, कार्पेटखालून गेलेली असते. तोच फ्यूज तीनदा उडाला तर चौथा टाकू नका, कारण शोधा.

अँप्लिफायर, बेस ट्यूब स्वतः बसवली तर चालेल?

चालेल, पण नीट. जाड वायर थेट बॅटरीच्या प्लसवरून घेत असाल तर फ्यूज बॅटरीजवळ हवा, हात-दीड हाताच्या आत. बरेच जण तो डिकीत अँप्लिफायरजवळ लावतात. मग मधली सगळी वायर, इंजिनपासून डिकीपर्यंत, बिनफ्यूजची राहते. ती कुठं पत्र्याला घासली तर अडवायला कुणी नाही. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर आणताना भोकाला रबरी बूच पाहिजेच. नुसत्या पत्र्याची कड सुरीसारखी असते, खराब रस्त्यावर वर्षभर घासली की कापतेच.

घराच्या वायरिंगची उरलेली वायर वापरू नका. तिचं इन्सुलेशन साधारण ७० अंशांपर्यंतचं असतं. इंजिनजवळ त्याहून जास्त उष्णता सहज होते, त्यात एकेरी तांब्याची तार हादऱ्यानं आतल्या आत तुटते. पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला जॉइंटही नको. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद वितळतो आणि टेप आपोआप सुटून लोंबायला लागते.

बॅटरी काढताना आधी प्लस की मायनस?

आधी मायनस. बसवताना उलटं, मायनस शेवटी. प्लस सोडवताना दहाचा पाना चुकून बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेली असेल तर पाना जागेवरच चिकटतो, लाल होतो. हातात अंगठी किंवा कडं असेल तर काढून ठेवा.

सीटबेल्टची टिंगटिंग बंद करायला क्लिप लावलीय. पोलीस बघत नाहीत.

पोलिसांचा यात काही संबंध नाही, बाबा. टिंगटिंग फक्त आठवण करून देते, ती बंद केल्यानं तुम्ही वाचत नाही.

एअरबॅग फुगायला डोळ्याची पापणी मिटते त्याहूनही कमी वेळ लागतो, साधारण ३० मिलिसेकंद. बेल्ट असेल तर माणूस जागेवर धरलेला असतो आणि पूर्ण फुगलेल्या पिशवीवर जाऊन टेकतो. बेल्ट नसेल तर तो आधीच पुढं फेकला गेलेला असतो आणि पिशवी फुगता फुगता त्याच्या तोंडावर आदळते. गाडीला क्लिपमुळं वाटतं की बेल्ट लावलाय, म्हणून ती त्याच हिशोबानं वागते. फसवलं गाडीला, भोगायचं आपण.

मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपची विक्री थांबवायला लावली आणि १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. मागच्या सीटवर बसणाऱ्यांनाही हेच लागू. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघं वाचले, बेल्ट न लावता मागं बसलेले दोघं गेले. गाडी साधीसुधी नव्हती.

डॅशबोर्डवर गणपती, स्वामींची मूर्ती ठेवायची नाही का?

माझ्या गाडीतही स्वामी आहेत. फक्त जागा बघा. डावीकडं डॅशबोर्डवर जिथं एअरबॅग असं लिहिलेलं किंवा कोरलेलं असतं, ते झाकण फाटून पिशवी बाहेर येते. त्यावर दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं बसवलेली पितळी मूर्ती त्या क्षणी कुठं जाईल याचा विचार करा. समोर आपली माणसं बसलेली असतात. मधोमध, हलकी, झाकणापासून लांब ठेवा. किंवा फोटो लावा, देवाला चालतं.

सीटकव्हरचंही तसंच. सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर तिथं फाटणारी शिवण असलेलं कव्हर घ्या. सगळीकडून घट्ट शिवलेलं जाड रेक्झिन पिशवीला बाहेरच पडू देत नाही. आणि गाडीत पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर टेस्ट लॅम्प, मीटर काहीही लावू नका. बहुतेक गाड्यांत तो एअरबॅगचा असतो.

पुढं बुलबार (बंपरसमोरचा लोखंडी पाइपचा गार्ड) लावला की बंपर वाचतो, मग काय बिघडलं?

पार्किंगमध्ये वाचतो. जोरात धडक बसली की बंपरच्या मागचा पत्रा चुरगळून धक्का गिळायचा असतो, त्यासाठीच तो तसा बनवलेला. बुलबार थेट चासीला बोल्ट केलेला असतो, तो धक्का तसाच आत पाठवतो. एअरबॅगच्या सेन्सरला धडक वेगळीच कळते. आणि समोर पायी चालणारा असेल तर लोखंडाचा पाइप त्याच्या मांडीच्या, पोटाच्या उंचीवर येतो. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलंय. तरी बाजारात मिळतो. मिळतो म्हणजे चालतो असं समजू नका.

स्प्रिंगा कापून गाडी खाली केलीय. किंवा उलट, स्पीड ब्रेकरला लागते म्हणून स्प्रिंगमध्ये रबर घातलंय.

दोन्हींचं दुखणं एकच. स्प्रिंगचे वेढे कापले की उरलेली स्प्रिंग कडक होते, आणि वर ती वाटीत बसायला पुरत नाही. खड्ड्यातून चाक लोंबलं की स्प्रिंग जागा सोडते आणि खाली आल्यावर तिरकी बसते. गॅसनं तापवून बसवलेली तर आणखी वाईट, त्या पोलादाचं पाणीच उतरलेलं असतं.

रबर घातलं की त्याच्या आजूबाजूचे वेढे काम करायचे बंद होतात, सगळा भार उरलेल्यांवर जातो. तिथंच स्प्रिंग तुटते. गाडी भरलेली असताना तळ घासत असेल तर आधी शॉकअप आणि जुन्या स्प्रिंगा तपासा. बऱ्याचदा त्या बसलेल्या असतात आणि नव्या टाकल्या की तक्रार संपते.

मोठे अलॉय, रुंद टायर?

कंपनीनं त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला जो साइझ दिलाय तिथपर्यंत बिनघोर जा. पुढं गेलात की चाकाचा एकूण व्यास वाढतो. मग स्पीडोमीटर कमी दाखवतो: ५ टक्के मोठं चाक असेल तर काट्यावर १०० दिसताना गाडी १०५ नं चाललेली असते. ब्रेकला तेच चाक थांबवायला जास्त जोर लागतो. टायर मडगार्डच्या बाहेर यावा म्हणून चाक आणि हबच्या मध्ये स्पेसर म्हणजे जाड चकती घालतात, ते तर सगळ्यात धोकादायक. स्टडवर नट पुरेसे आटे धरत नाही आणि बेअरिंगवर तिरका भार येतो. पसरणीचा घाट उतरताना बेअरिंग घुंऽऽ करायला लागलं की मग आठवण येते. चाक बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनं नट पुन्हा आवळून बघा, हे कोणत्याही अलॉयला लागू आहे.

घरगुती सिलिंडरवर गाडी चालवतात, ते कसं?

चालवतात, आणि हा एकच प्रश्न आहे ज्यावर मी आवाज चढवतो.

गाडीच्या एलपीजी टाकीत ८० टक्के भरली की आपोआप बंद होणारी झडप असते, कारण उन्हात गॅस फुगायला जागा लागते. ती टाकी चासीला पट्ट्यांनी बांधलेली असते आणि गळती झाली तर गॅस पाइपातून गाडीबाहेर जायची सोय असते. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर शेगडीसाठी, उभा ठेवून वापरायला बनवलाय. तो व्हॅनमध्ये सीटखाली आडवा टाकला की वाफेऐवजी पातळ गॅस बाहेर येतो. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की वर जात नाही, पायांपाशी आणि सीटखाली साचतो. दार बंद, काचा बंद, आणि मग कुणीतरी सेल्फ मारतो.

घरगुती गॅस गाडीत वापरणं आणि मोटर लावून सिलिंडरमधून गाडीत भरणं, दोन्ही गुन्हे आहेत. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या गाडीत असं दिसलं तर ड्रायव्हरशी वाद घालत बसू नका, मुलाला खाली उतरवा आणि ११२ ला फोन करा.

सीएनजी वेगळी गोष्ट. मान्यताप्राप्त किट, आरसी बुकात नोंद आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं तपासणी. त्या टाकीत २०० बारचा दाब असतो, टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभर पट. जुन्या गाडीची टाकी स्वस्तात मिळाली म्हणून घरी बसवू नका. एवढंच.

सायलेन्सर बदलला तर आवाज छान येतो.

तुम्हाला. शेजाऱ्यांना विचारा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर स्वच्छ करणारा डबा) काढून नळी टाकली की पीयूसी गेलं, पण खरा धोका जॉइंटचा. कच्च्या वेल्डिंगमधून धूर केबिनखाली गळतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. एसी लावून गाडीत झोपणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. आणि कन्व्हर्टर असलेली गाडीसुद्धा उसाच्या वाळल्या पाचटावर उभी करू नका. तो भाग इतका तापतो की खालचं पाचट पेट घेतं.

काळी फिल्म?

केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वरून चिकटवायच्या फिल्मला बंदी केली. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं नियमात बसणारी फिल्म चालते असा निकाल दिला, तो मोबाइलवर दाखवून पोवई नाक्यावर वाद घालायचा असेल तर घाला, मी बाजूला उभा राहून बघेन. माझ्या दृष्टीनं मुद्दा रात्रीचा आहे. पावसात रिव्हर्स घेताना काळ्या काचेतून मागची सायकल दिसत नाही.

पायपुसण्यांचा आणि सुरक्षेचा काय संबंध?

लोक हसतात, पण मूळ मॅटवर दुसरी, तिच्यावर तिसरी टाकली की ती पुढं सरकते आणि एक्सलेटर खाली दाबलेला अडकतो. २००९ साली टोयोटानं अमेरिकेत याच कारणानं सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला होता. एकच मॅट, हुकात अडकवलेली. आणि ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली नको, ती घरंगळत ब्रेकखालीच जाते.

नंबरप्लेटवर ४१४१ 'दादा' दिसेल असा लिहिलाय.

पोलिसांनाही वाचता येतं.

आरटीओ आणि इन्शुरन्सचं काय होतं?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडी कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एका बदलामागं, हे लक्षात ठेवा. रंग बदलणं, गॅस किट असे काही बदल परवानगी घेऊन, आरसीवर चढवून करता येतात.

इन्शुरन्सचा अनुभव दंडापेक्षा कडू असतो. गाडी जळाली की सर्व्हेअर येतो आणि पहिला हात वायरिंगला घालतो. कापून जोडलेली वायर, बिनफ्यूजचा अँप्लिफायर दिसला आणि तो पॉलिसीत नोंदवलेला नसला की क्लेम अडतो. विजेच्या अ‍ॅक्सेसरीजसाठी आयएमटी २४ आणि गॅस किटसाठी आयएमटी २५ अशी पॉलिसीला जोडायची कलमं आहेत. थोडा प्रीमियम भरून वस्तू लिहून घ्या, आणि बिल जपून ठेवा.

चालत्या गाडीत जळका वास आला तर?

कडेला घ्या, चावी बंद, सगळे बाहेर. सामान राहू दे. धूर बॉनेटमधून येत असेल तर बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो. लांब जाऊन १०१ किंवा ११२ लावा. वायरिंग जळालं की काचा आणि सेंट्रल लॉक बंद पडू शकतात, म्हणून काच फोडायची छोटी हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, डिकीत नको.

यातलं बरंच आधीच करून बसलोय. आता कुठून सुरुवात करू?

सीटबेल्टची क्लिप आजच काढा, तिला पाना लागत नाही. गॅसचं काही बेकायदा असेल तर गाडी जागेवरून हलवू नका, मिस्त्रीला तिथं बोलवा. मग स्पेसर आणि कापलेल्या स्प्रिंगा, घाट चढायच्या आधी. वायरिंग शेवटी चालेल, पण बॅटरीवरून थेट घेतलेली प्रत्येक वायर तोवर बॅटरीपासून सोडवून ठेवा.

कंपनीचे जुने बल्ब, स्प्रिंगा, होल्डर भंगारात दिले नसतील तर सोबत आणा, निम्मा खर्च वाचतो. आणि सकाळी लवकर या, गाडी रात्रभर उभी असताना. थंड वायर बोटांनी वाकवून बघता येते. तापून गेलेली वायर कडक झालेली असते, वाकवली की कुरकुर आवाज करते आणि इन्सुलेशनला बारीक तडे दिसतात. गरम इंजिनवर ते कळत नाही.